दहा टक्के

डोरीन पर्व्हिसच्या बोटांना अजून टोनरचा वास येतो,
असं तीच म्हणते, आणि बोटं नाकाशी नेऊन दाखवते.
सव्वीस वर्षं तिनं चाळीस-चाळीस संच काढले,
काळ्या तारेत ओवले,
काउंटरखाली रचले. तीन पौंडांना एक.
परवानगी कुणी विचारली नाही, तिनं सांगितली नाही.
अळीमिळी गुपचिळी.

या सप्टेंबरपासून नवी सेवा.
नियम मी भिंतीवर चिकटवला,
डोरीननं त्यावर कॅलेंडर टांगलं:
एका पुस्तकातलं एक प्रकरण
किंवा दहा टक्के पानं, जे जास्त भरेल ते.
पुस्तक आपल्या मालकीचं हवं.
वर्गात मुलं किती, ते लिहायचं.
सुरुवातीला हक्कांच्या सूचनेचं पान, ते काढायचं नाही.
मापटं सपाट भरायचं. शीग नाही.

डॉक्टर थॉर्नहिल फोनवर म्हणाले,
सात वर्षं अख्खं पुस्तकच होतं की कोर्सच्या पानावर,
कुणाचं काय बिघडलं?
मी म्हटलं, लिहिणाऱ्याचं.
तिकडे जरा शांतता. मग:
लिहिणारा मीच आहे.

हक्क मात्र प्रकाशकाकडे.
सही केली तेव्हा तरुण होते,
सहा प्रती फुकट मिळाल्या, त्याचाच आनंद.
पोर आपलं, पण दत्तक दिलेलं,
आता भेटायचं तर वेळ ठरवून.
चौथं प्रकरण घ्या, म्हणाले,
सातवंही वाईट नाही.
एकच, मी म्हटलं.
त्यांनी इतका वेळ घेतला
की मला वाटलं फोन कट झाला.
चौथं, म्हणाले. गोदी बंद पडते ते.

गोदी म्हणजे इथलीच, संडरलंडची.
तळमजल्यावरच्या माझ्या खोलीतून नदी दिसत नाही,
पण दुपारी सीगल ओरडतात, तेव्हा ती आहे हे कळतं.

आमची प्रत पेन्सिलीनं बरबटलेली.
जेमाला दिसत नाही, तिला संगणक वाचून दाखवतो,
आणि ओळीखाली रेघ आली की तो अडखळतो,
डॅश डॅश डॅश करत बसतो.
म्हणून खोडरबर घेऊन बसले.
मिरजेच्या वाचनालयात शिक्का असायचा,
पुस्तकात खुणा करू नयेत.
त्या शिक्क्याखालीच मी खुणा करायचे.
आता इथं, परक्या पोरांच्या रेघा
एकेक करून पुसते, फुंकर मारते,
मांडीवर राखाडी भुसा.

एकशे सतराव्या पानावर यादी आहे,
शेवटच्या वर्षांतल्या जहाजांची. नावं नाहीत, नुसते क्रमांक.
एका क्रमांकापुढे, मोठ्या, शाळकरी अक्षरांत:
डॅड होते यावर.
बास. सही नाही, साल नाही.

याचा हक्क कुणाचा?
दहा टक्क्यांत हे धरायचं का?
मी डोरीनला दाखवलं.
तिनं चष्मा काढला, पुसला, घातला.
क्रमांकावर बोट ठेवलं, अक्षरांवर नाही.
काही बोलली नाही. चहा ठेवायला गेली.
खोडरबर मी डब्यात टाकला.
पेन्सिलीतलं हस्ताक्षर यंत्राला कुठलं वाचता येतंय,
असा मनाशी बहाणा केला, आणि पान काचेवर पालथं घातलं.

सोमवारी जेमाची मेल.
आभार. पहिल्यांदाच सलग ऐकलं,
बसमधून घरी जाताना, एकदाही न अडखळता.
एक विचारायचं होतं: यादी चालू असताना
तो आवाज मध्येच म्हणाला, डॅड,
आणि पुढचा क्रमांक वाचू लागला.
हे पुस्तकातलं आहे का?

मी लिहिलं, नाही. खोडलं.
लिहिलं, आमच्याकडून राहून गेलं. तेही खोडलं.
डोरीन खांद्यामागून वाचत होती,
हातातला कप माझ्या मानेला जवळजवळ टेकलेला.
पोरीला सांग, म्हणाली,
तेवढं फुकट.